एक मत आणि एक बॅट

'निर्णायक मत' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो राज्यशास्त्राच्या तासाला. लोकसभेचे अध्यक्ष एरवी मतदान करीत नाहीत. परंतु दोन्ही बाजूंना सारखी मते पडली तर मात्र त्यांना मत द्यावे लागते आणि त्या एका मताने प्रश्न निकालात निघतो, असे सरांनी सांगितले. घटनेचे १०० वे कलम. मी वहीत लिहून घेतले आणि विसरलो. परीक्षेत तो प्रश्न आलाही नाही. पुढे तीन-चार महिन्यांनी केळझरला, गावाबाहेरच्या ज्या पडीक जागेवर आम्ही क्रिकेट खेळतो तिथे, ते मत माझ्याच गळ्यात येऊन पडले. ती हकिगत पुढे येईलच. आधी सांगतो ती ५० वर्षांहून जुनी, सबंध देशाने चघळलेली, आणि मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून तुकड्यातुकड्यांनी वाचलेली गोष्ट. ती वाचण्याचे मूळ कारण माझे मतच होते, म्हणून एवढी प्रस्तावना.

आणखी एक सूचना. मैदानावरच्या माणसाला आम्ही एकेरीच बोलावतो. वाडेकर, सरदेसाई, पतौडी ही माणसे आज हयात नाहीत आणि वयाने माझ्या आबाजींच्या पिढीची. तरी या लेखात ती 'तो' अशीच येतील. त्यात अनादर नाही, वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.

१९७१ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी भारतीय संघ निवडायचा होता. कप्तान कोण, हा प्रश्नच नव्हता असे लोक धरून चालले होते. मन्सूर अली खान पतौडी १९६२ पासून, मधला काही काळ सोडता, कप्तान होता. बार्बाडोसला चेंडू डोक्याला लागून नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी फुटली आणि २१ वर्षांच्या पतौडीवर संघ येऊन पडला, तेव्हापासून. त्याच्याही आधी, १९६१ मध्ये, मोटारच्या अपघातात त्याचा एक डोळा अधू झाला होता. एका डोळ्याने वेगवान गोलंदाजी खेळणे म्हणजे काय, हे ज्याला पाहायचे असेल त्याने हाताने एक डोळा झाकून नुसता विहिरीतला पोहरा पकडून पाहावा. भारताने परदेशात पहिली कसोटी मालिका जिंकली ती याच्याच नेतृत्वाखाली, १९६८ मध्ये न्यूझीलंडला. त्या मालिकेत वेलिंग्टनला ज्याने १४३ धावा केल्या तो अजित वाडेकर. कसोटीतले त्याचे ते एकमेव शतक, आणि ते पतौडीच्या हाताखाली.

निवड समितीचे अध्यक्ष होते विजय मर्चंट. मते समसमान पडली. मर्चंटनी आपले निर्णायक मत वाडेकरला दिले.

इथे थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे कप्तान संघ निवडत नाही, निवड समिती संघ निवडते आणि तीच कप्तानही नेमते. कप्तानाला बैठकीत बोलावतात, त्याचे म्हणणे ऐकतात, पण मत असते ते निवडणाऱ्यांचे. म्हणजे ज्याला मैदानावर हुकूम द्यायचे आहेत, त्याची खुर्ची मैदानाबाहेरच्या पाच माणसांच्या हाती. खेळाडूंना हे पक्के ठाऊक असते. म्हणून कप्तान बदलला की संघात जी कुजबुज सुरू होते ती 'हा बरा की तो बरा' एवढ्यावर थांबत नाही. 'याला कोणी आणले आणि आता माझे काय' इथवर जाते. गावात सरपंच बदलला की रोजगार सेवकापासून पाणी सोडणाऱ्यापर्यंत सगळे कसे एकदम गप्प होतात, तसे ते असते.

मर्चंटच्या मतामागे काय होते यावर त्या काळी पुष्कळ बोलले गेले. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कप्तानी मिळाली थोरल्या पतौडीला, म्हणजे मन्सूरचे वडील इफ्तिखार अली खान यांना, आणि मर्चंट राहिले उपकप्तान. बापाचे उसने लेकाकडून फेडून घेतले, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि पुस्तकांतून आजही आहेत. माझ्या मते हे म्हणणे फार सोपे आहे. मर्चंट तरुण खेळाडूंच्या मागे उभे राहणारे गृहस्थ म्हणून प्रसिद्ध होते. १९६९-७० मध्ये भारत मायदेशी ऑस्ट्रेलियाशी हरला होता. बदल हवा असे वाटणे यात अघटित काही नव्हते. आणि मन कोणाचे कोण उघडून पाहणार? मत दिसते, मन दिसत नाही.

वाडेकर पुढे एक आठवण सांगत असे. संघनिवडीच्या आधी तो पतौडीला भेटला आणि आपल्याला संघात घ्या, अशी त्याने विनंती केली. कारण त्याला स्वतःच्या जागेचीच खात्री नव्हती. पतौडीने हसत सांगितले म्हणे, की घेतो, पण उद्या तू कप्तान झालास तर मलाही विसरू नकोस. दोघांनाही ती थट्टाच वाटली. ज्याला संघात जागा मिळेल की नाही याची चिंता होती तो स्टेट बँकेतला नोकरदार माणूस कप्तान झाला, आणि नवाबाने आपण दौऱ्यावर येत नाही असे कळवले. त्याच वर्षी पतौडी गुडगावहून लोकसभेची निवडणूक लढला, विशाल हरियाणा पक्षातर्फे, आणि हरला. त्याच वर्षाअखेर संस्थानिकांचे तनखे आणि पदव्याही २६ व्या घटनादुरुस्तीने गेल्या. कप्तानी, खासदारकी, नवाबी अशा तिन्ही गोष्टी एका वर्षात हातच्या गेलेला दुसरा खेळाडू माझ्या तरी वाचनात नाही.

वाडेकरला संघ मिळाला तो असा. त्यात एम. एल. जयसिंहा होता, पतौडीचा जिवलग मित्र. पतौडी हैदराबादकडून त्याच्याच नेतृत्वाखाली खेळत असे. सलीम दुराणी होता, वयाने आणि अनुभवाने कप्तानापेक्षा मोठा. प्रसन्नासारखा फिरकी गोलंदाज असताना उपकप्तानी वेंकटराघवनकडे होती, आणि दोघेही ऑफस्पिनर. चंद्रशेखरला घेतलेच नव्हते. हे सगळे लोक विमानात बसले तेव्हा नव्या कप्तानाकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना करावी.

आणि होता दिलीप सरदेसाई.

सरदेसाई मडगावचा. जन्म ८ ऑगस्ट १९४०, म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडे असतानाचा. टर्फची विकेट तर सोडाच, शिस्तीचे क्रिकेटही तिकडे फारसे नव्हते. सतराव्या वर्षाच्या आसपास मुंबईला आला, विल्सन कॉलेजात शिकला, विद्यापीठाच्या सामन्यांतून पुढे आला आणि १९६१ मध्ये कानपूरला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. मार्च १९६५ मध्ये मुंबईला न्यूझीलंडने भारताला ८८ धावांत गुंडाळून फॉलोऑन दिला, तेव्हा दुसऱ्या डावात याने नाबाद २०० केल्या. मग मात्र उतरण लागली. दुखापती झाल्या, धावा आटल्या, आणि १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मुंबईच्या कसोटीनंतर तो बाहेर फेकला गेला. ३० वर्षांचा माणूस आजच्या हिशेबाने म्हातारा नव्हे; पण तेव्हा तरुणांची रांग लागली होती आणि त्या रांगेत सुनील गावसकर नावाचा २१ वर्षांचा मुलगा उभा होता. सरदेसाईचे नाव संघात आले ते वाडेकरच्या आग्रहामुळे, असे सगळीकडे लिहिलेले आढळते. दोघे मुंबईचे, कसोटीत सरदेसाई वाडेकरपेक्षा पाच वर्षांनी ज्येष्ठ. 'आपला माणूस घेतला' असे बोलायला लोकांना ही जागा आयतीच होती.

पहिली कसोटी किंग्स्टनला. विश्वनाथ जायबंदी, गावसकरचे बोट सुजलेले. ते दोघे धडधाकट असते तर सरदेसाईला अकरांत जागा मिळाली असती का, याची शंकाच आहे. पुनरागमन हे नेहमी अशाच फटीतून होते, कोणाच्या तरी दुखऱ्या बोटातून. पहिला दिवस पावसाने गेला. मग भारताची फलंदाजी आली आणि धावफलक लागला ५ बाद ७५. सरदेसाईच्या सोबतीला एकनाथ सोलकर गेला.

या सोलकरबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्याचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे माळी, मैदान राखणारे. घर म्हणजे त्या मैदानाच्याच कडेची एक खोली. इतरांच्या सामन्यात धावफलकाचे आकडे बदलणारे पोर भारताच्या संघात गेले. ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही अशा माझ्यासारख्याला तो पतौडीपेक्षा आणि वाडेकरपेक्षाही जवळचा वाटतो, हे कबूल करतो.

सरदेसाई-सोलकर जोडीने १३७ धावा जोडल्या. सोलकर ६१ वर गेला. पुढे नवव्या जोडीला प्रसन्ना आला, त्याच्या धावा फक्त २५, पण भागीदारी १२२ ची. सरदेसाई २१२. भारताबाहेर भारतीय फलंदाजाचे ते पहिले कसोटी द्विशतक. भारत ३८७.

आता गंमत पाहा. वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर संपला. आघाडी १७० धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला २०० ची आघाडी लागते, त्यामुळे सर्वांनी धरले की प्रश्न मिटला. परंतु नियमात असे आहे की पहिला दिवस पूर्ण वाया गेला असेल तर सामना उरलेल्या दिवसांचा मानायचा. आणि चार दिवसांच्या सामन्यात १५० ची आघाडी पुरते. वाडेकर हे जाणून होता. तो थेट गॅरी सोबर्सकडे गेला आणि पुन्हा खेळायला या, असे सांगून आला. सोबर्स चकित झाला म्हणतात. सामना अनिर्णित राहिला. रोहन कन्हायने नाबाद १५८ करून तो वाचवला. धावांच्या हिशेबात त्या फॉलोऑनने काही मिळाले नाही. पण ज्या संघाला भारताने तोवर एकाही कसोटीत हरवले नव्हते, त्या संघाच्या खोलीत जाऊन बँकेतला एक मितभाषी माणूस नियम सांगून आला. संघातली कुजबुज तिथे थांबली असावी असा माझा तर्क आहे. निर्णायक मतामुळे पद मिळते, अधिकार मिळत नाही. तो असा वेगळा मिळवावा लागतो, आणि वाडेकरला तो मिळाला सरदेसाईच्या २१२ वर उभे राहून. त्या धावाच नसत्या तर नियम पाठ असून काय उपयोग होता?

म्हणून या दोन गोष्टी, जुन्या खेळाडूचे परतणे आणि नव्या कप्तानाचे बसणे, मला वेगळ्या काढता येत नाहीत. ज्याला कप्तानाने हट्टाने घेतले, त्याने धावा केल्या तर कप्तानाची नजर चांगली ठरते. नाही केल्या तर तीच वशिलेबाजी.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला, ६ ते १० मार्च. आबिद अलीने पहिल्याच चेंडूवर फ्रेडरिक्सची यष्टी उडवली. वेस्ट इंडीज २१४. भारत ३५२, त्यात सरदेसाई ११२, पहिलीच कसोटी खेळणारा गावसकर ६५, सोलकर ५५. नोरीगा नावाच्या ऑफस्पिनरने ९५ धावांत नऊ बळी घेतले, तरी संघ ३५२ ला पोचला. दुसऱ्या डावात वेस्ट इंडीज पुन्हा सावरू लागले तेव्हा दुराणीने चेंडू मागून घेतला आणि लॉइडला १५ वर नि सोबर्सला शून्यावर घालवले. कप्तान बदलल्यावर जे ज्येष्ठ फुरंगटून बसतील असे लोकांना वाटत होते त्यांतलाच हा एक. वाडेकरने त्याच्या हाती चेंडू दिला, यात वाडेकरचे जितके तितकेच दुराणीचेही मोठेपण आहे. वेंकटराघवनचे पाच बळी. भारताला हव्या होत्या १२४ धावा, गावसकर नाबाद ६७, सात गडी राखून विजय. वेस्ट इंडीजवरचा पहिला.

पुढचे सगळे सांगत बसत नाही. ब्रिजटाऊनला ६ बाद ७० वरून सरदेसाई १५० आणि सोलकर ६५ यांनी सातव्या जोडीसाठी १८६ जोडल्या, एवढे मात्र सांगितले पाहिजे; कारण मालिका हातची जाण्याची खरी वेळ तीच होती. मालिका १-० ने जिंकली. गावसकरच्या चार कसोटींत ७७४ धावा झाल्या, त्यामुळे इतिहासाने त्याचे नाव आधी घेतले, आणि सरदेसाईच्या ६४२ धावा त्या सावलीत गेल्या. मर्चंटनी मात्र त्याला भारतीय क्रिकेटच्या पुनरुज्जीवनाचा मानकरी म्हटले. (एक प्रामाणिक दुरुस्ती : हॉल आणि ग्रिफिथ तोवर निवृत्त झाले होते. वेस्ट इंडीजची गोलंदाजी पूर्वीची राहिली नव्हती. १९६२ चा दौरा पाहिलेल्या सरदेसाईला हे इतरांपेक्षा चांगले कळत होते, आणि जुना माणूस सोबत असण्याचा हाही एक फायदा.)

त्याच उन्हाळ्यात इंग्लंड. ओव्हलला २४ ऑगस्ट १९७१, त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. चंद्रशेखर परत आला होता. त्याने ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ वर काढले. हव्या होत्या १७३. शेवटच्या सकाळी वाडेकर ४५ वर धावचीत झाला, सरदेसाईने ४० केल्या, आबिद अलीने शेवटचा फटका मारला. भारतीय प्रेक्षकांनी प्राणिसंग्रहालयातून एक हत्तीण आणून मैदानाभोवती फिरवली होती. माझे आबाजी तेव्हा शाळा सोडून दुसऱ्याची ढोरे राखत होते. घरी रेडिओ नव्हता. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात नागपूरच्या पेपरवरून कोणीतरी वाचून दाखवले, तेव्हा त्यांना कळले, आणि ते टेकडी चढून आमच्या सिद्धिविनायकाला नारळ फोडून आले. "क्रिकेट म्हंजे काय ते मले तवा ठाऊकच नव्हतं," ते म्हणतात, "पण गणपतीच्या दिवशी जितले ना, मंग आपलेच झाले."

इथे गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात टाकण्याजोगी झाली असती. ती संपत नाही.

१९७२-७३ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ भारतात आला. कप्तान वाडेकर. सरदेसाई दिल्लीची कसोटी खेळला आणि ती त्याची शेवटची ठरली. ३० कसोटी, २००१ धावा, पाच शतके. त्याच मालिकेत आणखी एक माणूस परत आला : पतौडी. आता नवाब नव्हे, नुसता मन्सूर अली खान. ज्याने त्याची जागा घेतली त्याच्याच हाताखाली तो खेळला आणि जानेवारी १९७३ मध्ये मद्रासला ७३ धावा करून गेला. भारत तो सामना जिंकला, मालिकाही २-१ ने जिंकला. या ७३ धावांविषयी कोणी फारसे लिहीत नाही. मला त्या सरदेसाईच्या २१२ इतक्याच कठीण वाटतात. ४० कसोटींत कप्तानी करण्याचा योग ज्याच्या नशिबी होता त्याने दुसऱ्याने हाताने दाखवलेल्या जागी क्षेत्ररक्षणाला उभे राहायचे. हे ज्याने गावातल्या संघात तरी करून पाहिले आहे त्यालाच कळेल.

मग १९७४. इंग्लंडमध्ये ०-३. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात ४२ सर्वबाद, त्यात सोलकर नाबाद १८. ज्या वाडेकरला मुंबईने मिरवणुकीने घरी नेले होते त्याच्या घरावर दगड पडले. इंदूरला १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची भली थोरली बॅट उभारली होती, ती लोकांनी विद्रूप केली. दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातही वाडेकरला घेतले नाही. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तो कसोटी क्रिकेटमधून गेला.

आमच्या केळझरला जुनी माणसे एकचक्रानगरी म्हणतात. बकासुराला रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवायचा, ती गोष्ट आमच्याच गावची, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. पराभव झाला की आपल्या क्रिकेटमध्ये असेच पाळीपाळीने गाड्यावर एकाला बसवतात. १९७१ ला पतौडीची पाळी, १९७४ ला वाडेकरची. फरक इतकाच की इथे भीम येत नाही. पुन्हा मागच्या वेळचाच माणूस आणतात.

तोच आणला. १९७४-७५ मध्ये क्लाइव्ह लॉइडच्या वेस्ट इंडीजविरुद्ध पतौडी पुन्हा कप्तान झाला. बंगलोर हरले. तो जखमी झाला म्हणून दिल्लीला वेंकटराघवन कप्तान झाला. तेही हरले, आणि पुढच्या कसोटीत वेंकटला संघाबाहेरच बसवले. एका सामन्याचा कप्तान दुसऱ्या सामन्यात अकरांतही नाही! याला काय म्हणावे? पण त्यानंतर कलकत्ता जिंकले, मद्रास जिंकले. ०-२ वरून २-२. मुंबईला वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटीत अखेर हरले. पतौडीकडून धावा जवळजवळ झाल्याच नाहीत. फलंदाज म्हणून तो उरला नव्हता. तरीही हरलेला संघ त्याने उभा केला, हे त्याचे विरोधकही मान्य करतात. सरदेसाई परत आला तो पदाशिवाय, नुसती बॅट घेऊन. पतौडी परत आला तो जवळपास बॅटीशिवाय, पद घेऊन. कोणाचे परतणे खरे? मी यावर बसमध्ये मित्रांशी पुष्कळ वाद घातला आहे. माझे मत सरदेसाईकडे झुकते, पण आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, की धावा मोजता येतात म्हणून तुम्ही मुले त्यालाच खरे समजता. मला तिला चांगले उत्तर देता आले नाही.

वाडेकर पुढे भारतीय संघाचा व्यवस्थापक झाला आणि काही काळ निवड समितीचा अध्यक्षही, म्हणजे मर्चंटच्याच खुर्चीत. सरदेसाई २००७ मध्ये गेला, पतौडी २०११ मध्ये, वाडेकर २०१८ च्या १५ ऑगस्टला.

हा इतिहास जुना झाला असे वाटत असेल तर आपल्या डोळ्यांसमोरचे आठवावे. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला ३६ सर्वबाद; ४२ चा विक्रमही मोडला. विराट कोहली बाळंतपणासाठी घरी परतला आणि अजिंक्य रहाणेने मेलबर्नला ११२ धावा करून मालिका फिरवली, २-१ ने जिंकली. वर्षभराने तोच रहाणे संघाबाहेर. जून २०२३ मध्ये ३५ व्या वर्षी तो परतला, कुठे? ओव्हललाच, जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, आणि ८९ नि ४६ करून सगळ्यांत टिकून खेळला. कप्तान रोहित शर्मा. लगेच उपकप्तानही झाला आणि त्या दौऱ्यानंतर पुन्हा बाहेर. आणि अगदी घरचे उदाहरण हवे तर वसीम जाफर. मुंबईचे नेतृत्व केलेला हा माणूस उतारवयात विदर्भाकडे आला आणि फैज फझलच्या हाताखाली खेळला. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकले. दुसऱ्या वर्षी जाफरच्या १०३७ धावा, वय ४०. त्याने इराणी करंडकात २८६ केल्या त्या जामठ्याला. केळझरहून नागपूरला जाणाऱ्या एस.टी.तून ते मैदान दिसते. मी तेव्हा लहान होतो. खिडकीतून नुसते दिव्यांचे खांब पाहिलेले आठवतात.

आता माझी हकिगत.

आमच्या गावच्या संघाचा कप्तान नऊ वर्षे माझा चुलतभाऊ होता. आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत आहे. मला बॅट धरायला त्याने शिकवले, आणि बारावीनंतर प्रवेशाच्या दिवशी बाबा कापसाच्या फवारणीला गेले होते म्हणून वर्ध्याला मला गाडीवर बसवून आणले तेही त्यानेच. प्रवेशाच्या फीमधले कमी पडलेले पैसे त्याच्या खिशातले होते. गेल्या दिवाळीनंतर पंचक्रोशीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत आम्ही लागोपाठ तीनदा पहिल्याच फेरीत हरलो. पोरांनी बैठक घेतली. मी कॉलेजात जातो म्हणून वर्गणीचा हिशेब आणि बैठकीचे अध्यक्षपद माझ्याकडे. बारा जणांची मते पडली, सहा आणि सहा. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी नव्या पोराला मत दिले. तो २० वर्षांचा आहे, चांगला खेळतो, क्षेत्ररक्षण लावताना डोके चालवतो. मी बरोबर केले असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. दादा काही बोलला नाही. पॅड सोडवले आणि घरी गेला.

त्यानंतर तो मैदानावर आला नाही आणि माझ्याशी बोललाही नाही. भिंतीपलीकडून त्याचा आवाज येई, एवढेच. काकू आमच्याकडे विरजण मागायला येत, त्याही थांबत नसत. बाबा एकदाच म्हणाले, "तुले दुसऱ्याले सांगता आलं नसतं काय, तूच मत देऊन राहिला?" मी १०० वे कलम त्यांना काय सांगणार? त्या महिन्यांत मी १९७१ चे जे मिळेल ते वाचले. मर्चंट आणि पतौडी पुढे कधी एकमेकांशी नीट बोलले का, हे मला त्यांत शोधायचे होते. धावफलक सगळे सापडले.

येत्या रविवारी पुन्हा स्पर्धा आहे. आमचे दोन फलंदाज नागपूरला कामाला गेले आहेत. परवा संध्याकाळी नवा कप्तान स्वतः दादाच्या दारात गेला. मी भिंतीच्या अलीकडे ऐकत होतो. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग दादाने विचारले, "कोणत्या नंबरवर?" तो म्हणाला, "सातव्या." काल मी बसमधून उतरलो तेव्हा दादा ओट्यावर बसून बॅटीच्या मुठीचे जुने रबर सोलत होता. मी समोरून गेलो. त्याने वर न पाहता विचारले, "वर्ध्यात नवीन ग्रिप भेटते काय बे?"

आज कॉलेज सुटल्यावर आणायची आहे.